नव्या फरशीवर जुना कमोड: सील नेमकं कुठे लागतं

गुजरातच्या मोरबीची साधी ८ ते १० मिलिमीटरची टाइल आणि तिच्याखाली ३ ते ५ मिलिमीटर अ‍ॅडेसिव्ह. जुनी फरशी न फोडता तिच्यावरच नवी चिकटवली की बाथरूमची जमीन ११ ते १५ मिलिमीटर वर येते. जमिनीतला चार इंची पाईप मात्र होता तिथेच राहतो. कमोड वर गेला, पाईप खाली राहिला, आणि मधल्या त्या अर्ध्या इंचात कोणी काय भरलं यावर पुढची दहा वर्षं सुखाची की भांडणाची हे ठरतं.

आमच्याकडे व्हाइट सिमेंट भरलं होतं. नाशिकच्या इंदिरानगरातली जुनी सोसायटी, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. २०१५च्या सिंहस्थाला गावाकडून आत्या येणार होत्या. त्यांच्या गुडघ्यांना खाली बसायचं संडास जमेना, म्हणून घाईघाईत कमोड बसवून घेतला. पुढे काही वर्षांनी फरशीवर फरशी केली, तेव्हा तोच कमोड उचलून परत ठेवला. मिस्त्री हात धुता धुता म्हणाले, “साहेब, व्हाइट सिमेंट गच्च भरलंय, आता दहा वर्षं बघायचं काम नाही.” चार महिन्यांनी खालच्या काकूंनी जिन्यात गाठलं. “भाऊ, जरा आमच्याकडे येऊन वर बघता का?” त्यांच्या बाथरूमच्या छताला ताटाएवढा पिवळा डाग पडला होता. डागाच्या मधोमध एक थेंब, पडू की नको अशा बेतात लोंबकळत होता.

मी आणि मुलाने मिळून कमोड उचलला. बाहेरची पांढरी कड अगदी शाबूत होती, केसाएवढी भेग नाही. आत मात्र काळा चिखल. कमोडच्या तोंडाभोवती सुतळी गुंडाळून वर सिमेंटचा गोळा थापलेला, आणि तो गोळा बांगडीसारखा गोल तडकलेला. कमोडचं तोंड आणि पाईप जोडणारा रबराचा कनेक्टर नावालाही नाही. म्हणजे बाहेरचं सिमेंट गळती थांबवत नव्हतं, फक्त लपवत होतं. काकूंचं छत ओलं होईपर्यंत आम्हाला पत्ताच लागला नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट पक्की धरून आहे. कमोडची दोन सीलं असतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. खरं सील पाईपच्या तोंडाशी, आत, रबराचं. फरशीलगतची कड फक्त वरचं पाणी आणि घाण आत जाऊ नये म्हणून. बाहेरच्या कडेवर आतल्या सीलाचं काम ढकललं की झालंच.

आधी तुमचा कमोड कोणता ते बघा

जमिनीवर बसणाऱ्या कमोडचे दोन प्रकार. एस-ट्रॅपचं तोंड खाली जमिनीत जातं, पी-ट्रॅपचं मागे भिंतीत. फरशी वर आल्याचा त्रास दोघांना वेगवेगळा होतो.

एस-ट्रॅपमध्ये पाईपचं तोंड नव्या फरशीपासून खोल गेलेलं असतं. पूर्वी कनेक्टर पाईपमध्ये दोन इंच उतरत असेल, तर आता दीडच इंच उतरेल. पी-ट्रॅपमध्ये कमोडच्या मागच्या तोंडाचा मध्य तयार फरशीपासून साधारण १८० ते १८५ मिलिमीटरवर असतो. फरशी १४ मिलिमीटरने वर आली की कमोडचं तोंडही तेवढंच वर जातं, भिंतीतला पाईप मात्र खालीच राहतो. उतार योग्य दिशेला असल्याने मैला अडत नाही, पण सरळ कनेक्टर तिरका बसतो आणि त्याचं रबर एका बाजूला दबून दुसऱ्या बाजूला सुटतं. गळती त्या सुटलेल्या बाजूने.

दुसरं माप भिंतीचं, आणि इथे मी स्वतः फसलो. एस-ट्रॅप कमोड बाजारात ४ इंची, ९ इंची, १२ इंची म्हणून मिळतात. ते माप म्हणजे मागच्या तयार भिंतीपासून जमिनीतल्या पाईपच्या मध्यापर्यंतचं अंतर. भिंतीलाही जुन्या टाइलवर नवी टाइल लावली की त्यातले १२ मिलिमीटर गेले. पाथर्डी फाट्याला भावाच्या रो-हाऊसमध्ये कमोड बसवायला गेलो, जमिनीचं माप तीनदा घेतलं आणि भिंतीचं विसरलो. कमोड पाईपवर येण्याआधीच मागची टाकी भिंतीला टेकली. भाऊ दारात चहा घेऊन उभा, आणि मी कमोड मिठीत घेऊन. शेवटी ऑफसेट, म्हणजे मध्य बाजूला सरकलेला, कनेक्टर आणून तो अर्धा इंच मिळवला. तेव्हा टाइल्सवाला यायच्या आधीच टेप घेऊन ही दोन्ही अंतरं लिहून ठेवा. झालेल्या फरशीवर मापं घेणं म्हणजे वरात गेल्यावर घोड्याला नाल ठोकणं.

फरशी अजून व्हायची असेल तर एक सोपं काम आधीच सांगून ठेवा: जमिनीतला पाईप तीन-चार इंच वर ठेवायचा, टाइल त्याच्याभोवती बसवायची आणि मग करवतीने फरशीच्या पातळीला कापायचा. खोल गेलेला पाईप नंतर वर आणण्याच्या खटपटीतली निम्मी तिथेच वाचते. टाइल्सवाल्याला मात्र हे आवडत नाही, त्याला सपाट जागा हवी असते. तरी आग्रह धरा.

हे सगळं जमिनीवरच्या कमोडचं. भिंतीला टांगलेल्या कमोडचा भार आतल्या लोखंडी फ्रेमवर असतो आणि खाली बसायच्या पॅनची कड फरशीतच गाडलेली असते. ती दोन्ही कामं वेगळी आहेत.

सामान

सगळ्यात महत्त्वाचा तो रबरी फिन, म्हणजे भोवती पातळ रबरी पाकळ्या, असलेला कनेक्टर. दुकानात ‘डब्ल्यूसी कनेक्टर’ किंवा ‘पॅन कनेक्टर’ म्हणा. सरळ, ऑफसेट आणि घडीचा असे तीन प्रकार दिसतील. घडीचा, म्हणजे वाकणारा, बसवायला सोपा, पण त्याच्या आतल्या वळ्यांमध्ये घाण साठते. सरळ किंवा ऑफसेटवर काम भागत असेल तर घडीचा घेऊ नका. जुना काढलेला कनेक्टर परत वापरायचा मोह टाळा. दाबून बसलेलं रबर पुन्हा पूर्वीसारखं फुगत नाही, आणि नवा कनेक्टर काही फार महाग नसतो.

बाहेरचे व्हिडिओ बघून काही जण मेणाची रिंग शोधत फिरतात. ती रिंग जमिनीवर बोल्टने बसवलेल्या गोल फ्लँजसाठी, म्हणजे पाईपच्या तोंडाभोवतीच्या सपाट कड्यासाठी, असते. आपल्याकडच्या बहुतेक घरांत तशी फ्लँज नसते, जमिनीतून थेट ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप येतो. फ्लँज नसताना मेण दाबायचं कशावर?

बाकी सामान: सॅनिटरी म्हणून मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन आणि त्याची गन, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू आणि नायलॉनचे गट्टू, नायलॉनचे वॉशर, कमोडखाली सरकवायला प्लॅस्टिकच्या पातळ चकत्या, टेफ्लॉन टेप, मास्किंग टेप, पाणसळ, पेन्सिल, रबरी हातमोजे, आणि टाकून द्यायला जुनी फडकी. फ्लशच्या कनेक्शन पाईपचा स्टीलचा विणलेला भाग कुठे गंजला असेल तर तोही आत्ताच बदला, नंतर हात घालायला जागा राहत नाही.

सिलिकॉन घेताना एक विचारून घ्या. काही सिलिकॉनला सुकताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते साध्या सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर चालतं, पण संगमरवर किंवा कडप्प्यावर डाग पाडतं आणि सिमेंटलाही नीट धरत नाही. फरशी दगडाची असेल तर ‘न्यूट्रल’ मागा.

तोंड बंद, मग साफसफाई

कमोड उचलल्या क्षणी पहिलं काम पाईपचं तोंड बंद करायचं. फडक्याचा बोळा करा, त्याला सुतळी बांधा आणि सुतळीचं दुसरं टोक नळाला गाठ मारून अडकवा. सुतळीशिवाय बोळा कोंबला आणि तो खाली घसरला तर पुढची गोष्ट ड्रेनेजवाल्याच्या तोंडून ऐकावी लागते. बोळ्याचे उपयोग दोन. वायू वर येत नाही, आणि टाइल-सिमेंटचे तुकडे आत पडत नाहीत. एरवी वायू अडवण्याचं काम कमोडमधलं साठलेलं पाणी करतं, पण कमोडच उचलल्यावर ते कुठून असणार? त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याचा वास त्याचाच. खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा.

फरशीचं काम सुरू असताना बोळ्यावर एक प्लॅस्टिकची पिशवीही बांधा. आमच्या पाईपमधून मी मूठभर वाळलेलं अ‍ॅडेसिव्ह आणि टाइलची एक किरची बाहेर काढली. ते कोणी टाकलं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

आता पाईपच्या आतली वरची दोन-अडीच इंच बाजू घासून स्वच्छ करा. कनेक्टरचं रबर इथेच टेकणार आहे. सिमेंटचा ओघळ असेल तर पत्र्याच्या पट्टीने अलगद खरवडा, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा. करवतीने कापलेल्या कडेला राहिलेला कुसासारखा प्लॅस्टिकचा दोराही काढून टाका, तोच रबर चिरतो.

कमोडच्या तळाचं जुनं व्हाइट सिमेंट काढताना घाई करू नका. कमोड जुन्या गोधडीवर आडवा ठेवा, सिमेंटवर ओलं फडकं तासभर टाका, मग लहान छन्नीने कडेकडेने उडवा. हातोडीचा घाव नेहमी बाहेरच्या दिशेने, चिनी मातीच्या अंगावर कधीच नाही. अ‍ॅसिड ओतून मोकळं होण्याची पद्धत मला पसंत नाही. नव्या फरशीचं ग्राउट खराब होतं, आणि ते अ‍ॅसिड ब्लीचच्या पाण्यात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो चेष्टेचा विषय नाही.

पाईप नव्या फरशीपासून किती खोल गेलाय ते आता मोजा. एक-दीड सेंटिमीटर असेल तर लांब दांड्याचा कनेक्टर पुरतो. कनेक्टर चांगल्या पाईपमध्ये निदान दोन इंच उतरला पाहिजे, असा माझा नियम. पाईप दीड सेंटिमीटरहून खोल असेल तर त्याच्याभोवतीची टाइल गोल कापून, कपलर (दोन पाईप जोडणारा तुकडा) लावून, सॉल्व्हंट सिमेंटने (पीव्हीसी चिकटवायच्या द्रावणाने) पाईपचा तुकडा जोडून घ्या. सुट्टा तुकडा पाईपच्या आत कोंबून वर नेऊ नका. त्याची वरची कड मैल्याच्या वाटेत उभी राहते आणि कागद-केस तिथेच अडकायला लागतात.

कोरडी बैठक

लोक हा टप्पा गाळतात आणि मग बोटं सिलिकॉनने माखलेली असताना वैतागतात. कनेक्टर न लावता, काही न चिकटवता, कमोड नुसता जागेवर ठेवून बघायचा. दोघं जण हवेत. टाकी जोडलेला एकसंध कमोड तीस-चाळीस किलोपर्यंत जातो, आणि ओल्या फरशीवर तो हातातून निसटला तर कमोडही गेला आणि टाइलही.

ठेवल्यावर सगळ्यात आधी डगमग बघा. दोन्ही हात कडांवर ठेवून तिरपा दाब द्या. नवी फरशी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, उतरती असते, त्यामुळे कमोडचा एखादा कोपरा अधांतरी राहणारच. हलतो तिथे प्लॅस्टिकची चकती सरकवा, पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवा, आणि चकत्यांच्या जागा पेन्सिलीने फरशीवर खुणावून ठेवा. लाकडाची चिप किंवा घडी घातलेला पुठ्ठा वापरू नका, ते पाण्याने कुजतात. डगमग कमी करायला स्क्रू जास्त आवळणं हा तर सगळ्यात वाईट उपाय. चिनी मातीला वाकणं माहीत नाही, ती सरळ तडकते.

मग टाकी आणि भिंत यांच्यामध्ये एक बोट जातंय का, झाकण उघडून मागे टेकून राहतंय का, अँगल कॉकपर्यंत, म्हणजे भिंतीतल्या छोट्या नळापर्यंत, कनेक्शन पाईप न ताणता पोचतोय का, एवढं पटकन तपासा. बाथरूमचं दारही एकदा लावून बघा. फरशी वर आल्यावर खाली घासणारं दार सुताराला दाखवायचं असेल तर ते आधी. नंतर त्याच्या रंध्याचा भुसा ओल्या सिलिकॉनवर बसेल.

सगळं जमलं की कमोडची पूर्ण बाह्यरेषा पेन्सिलीने फरशीवर काढा आणि स्क्रूच्या भोकांमधून खुणा करा.

नव्या टाइलला भोक

इथे हात थरथरतो, कारण टाइल नवीन असते. व्हिट्रिफाइड टाइलवर ड्रिल घसरतं, म्हणून खुणेवर मास्किंग टेपची फुली चिकटवा. सुरुवात काच-टाइलच्या बिटने किंवा डायमंड बिटने, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवून, कमी वेगाने. थोडं पाणी शिंपडत राहा. टाइलची जाडी पार झाली की साधा मेसनरी बिट लावा आणि मगच हॅमर चालू करा.

खोली मात्र गट्टूच्या लांबीएवढीच. बिटला टेप गुंडाळून तेवढी खूण करून घ्या. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बाथरूमखाली बहुधा संकन स्लॅब असतो, म्हणजे खोल गेलेला स्लॅब आणि त्यात विटांच्या तुकड्यांची भर. त्या भरीतून पाईप गेलेले असतात, वर किंवा खाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो. ड्रिल गरजेपेक्षा खाली गेलं की तुम्ही खालच्यांच्या छताला स्वतःच्या हाताने भोक पाडताय. जमिनीतल्या मैलापाईपपासून दोन्ही भोकं किती लांब आहेत तेही आधी बघा.

भोकातली धूळ फुंकून काढा, डोळे मिटून. मग भोकात सिलिकॉनचा एक थेंब सोडा आणि त्यावर गट्टू ठोका. स्क्रूच्या वाटेने पाणी खाली झिरपू नये म्हणून हा एक थेंब, मी तो कधी चुकवत नाही.

आता खरी बसवणी

कनेक्टर आधी कमोडच्या तोंडावर चढवायचा, नंतर कमोडसकट पाईपमध्ये उतरवायचा. रबराला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. खोबरेल, गाडीचं ग्रीस, पेट्रोलियम जेली नको. असल्या तेला-ग्रीसने रबर फुगतं आणि मऊ पडतं. कनेक्टर पूर्ण चढल्यावर बोटाने आतून फिरवून बघा, फिन कुठे दुमडलेली नाही ना. दुमडलेली फिन म्हणजे तयार गटार.

पाईपमधला बोळा काढा. हे वाक्य वाचून हसू येईल, पण बोळ्यासकट कमोड बसवणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यातला एक मीच होतो. सुतळी नळाला बांधायची दुसरी सोय ती हीच: कमोड उचलून आत यायला लागलं की ती पायात येते.

एस-ट्रॅप असेल तर कमोड पेन्सिलीच्या रेषेवर सरळ वरून खाली आणा. तिरका टेकवून मग सरळ केला की रबर एका बाजूला सोलून निघतं. पी-ट्रॅप असेल तर पुढून मागे, फरशीला समांतर सरकवा. बसताना रबराचा घट्ट विरोध हाताला जाणवायला हवा आणि शेवटी तो मऊसर आत गेला पाहिजे. काहीच विरोध जाणवला नाही तर कनेक्टर पाईपला लहान पडतोय. परत उचला आणि मोठा आणा, मन मारून पुढे जाऊ नका.

चकत्या आपापल्या खुणांवर सरकवा. स्क्रूखाली नायलॉन वॉशर हवाच. दोन्ही स्क्रू आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा देत आवळा. कमोड हलायचा थांबला की हात थांबवा. अजून पाव फेरा द्यावासा वाटतो, तो द्यायचा नाही.

अँगल कॉकच्या भिंतीतल्या आट्यांना टेफ्लॉन टेप, आठ-दहा वेढे, आटे फिरतात त्याच दिशेने. कनेक्शन पाईपच्या नटात रबरी वॉशर असतो, तिथे टेप लागत नाही. तो नट हाताने आवळून वर पान्याने जरासा. गंगापूर धरणाचं पाणी एरवी बरं, पण बोअरचं पाणी टाकीत मिसळत असेल तर कॉकच्या जाळीत पांढरा क्षार साठतो. जाळी काढून तासभर व्हिनेगरमध्ये टाका.

सिलिकॉनच्या आधी पाणी

बहुतेक जण उलट करतात: आधी सुबक पांढरी कड, मग फ्लश. कड लागल्यावर आतली गळती दिसणारच कशी? त्यामुळे चाचणी आता, कड उघडी असताना.

फरशी कोरडी पुसा. कमोडभोवती आणि मागे, हात जाईल तिथपर्यंत, पांढऱ्या रांगोळीची बारीक रेघ ओढा. फ्लशच्या टाकीत दोन-तीन थेंब नीळ घाला. मग फ्लश करा, टाकी भरू द्या, पुन्हा नीळ घालून फ्लश करा. असं दहा वेळा, आणि शेवटी तसंच निळं अर्धी बादली पाणी एकदम ओता. आत कागदाचे चार-पाच चुरगळलेले तुकडेही जाऊ द्या, नुसत्या पाण्याने खरी परीक्षा होत नाही. तासभर थांबा. रांगोळी भिजली की लगेच करडी पडते आणि तिथे बोट ठेवायलाही लागत नाही. ओल निळी असेल तर ती कमोडच्या आतून आली. बिनरंगाची असेल तर कनेक्शन पाईप, अँगल कॉक किंवा जेट स्प्रेचा नळ बघा. टाकी आणि कमोड यांच्यामधला मोठा वॉशर गळला तरी पाणी निळंच दिसतं, पण ते वरून, टाकीच्या तळातून ओघळत येतं. हात फिरवला की कळतं.

खालच्या शेजाऱ्यांनाही त्या दिवशी छताकडे लक्ष ठेवायला सांगा. मी दुसऱ्यांदा कमोड बसवला त्या दिवशी काकू खुर्चीवर उभ्या राहून छताला हात लावून बघत होत्या, आणि दर पाच मिनिटांनी जिन्यातून “कोरडं!” अशी हाक येत होती.

बाहेरची कड

रांगोळी झाडून टाका, फरशी आणि कमोडची कड स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावरच पक्कं होतं, त्यामुळे श्रावणातल्या पावसाचं त्याला वावडं नाही. वावडं आहे ते ओल्या पृष्ठभागाचं. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत मात्र ते हळू पिकतं, एक दिवस जास्त धरा.

कमोडच्या कडेला आणि फरशीवर, मधे पाच-सहा मिलिमीटर जागा सोडून, मास्किंग टेपच्या दोन रेषा लावा. नळीचं टोक तिरकं कापा. एका दमात, न थांबता, सलग रेघ सोडा. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदाच फिरवा आणि टेप लगेच काढा. सिलिकॉनवर साय धरल्यावर टेप ओढली तर कडा फाटते आणि पुन्हा पहिल्यापासून.

पूर्ण गोल बंद करायचं की थोडी जागा मोकळी ठेवायची, यावर वाद आहे. मागे मोकळी ठेवा असं जे सांगतात ते कोरड्या बाथरूमचं शास्त्र. आपल्याकडे तिथेच आंघोळ, तिथेच बादलीभर पाण्याने धुणं. माझा हिशेब उताराचा आहे. आत गळालेलं पाणी फरशीच्या उताराकडेच येणार. तेव्हा जाळीकडच्या सगळ्यात खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, एक इंचभर मोकळं सोडायचं. धुताना चुकून आत गेलेलं पाणीही तिथूनच बाहेर येतं. बाकी सगळी कड बंद. घरात पाहुण्यांचा राबता असेल आणि तो इंच नजरेला खुपत असेल तर बंद करा, पण मग दर दोन-चार महिन्यांनी खालच्या मजल्यावर एक चक्कर ठेवा.

कडेच्या आत, कमोडच्या पोकळ तळात, सिमेंट भरू नका. काही कमोडच्या खोक्यातल्या सूचनापत्रात हे छापलेलंच असतं, पण ते पत्र मिस्त्री खोक्यासकट भंगारात टाकतो. गच्च भरलेलं सिमेंट चिनी मातीला आतून जखडून ठेवतं. फरशी जराशी हलली की तडा कमोडला जातो, आणि पुढच्या वेळी तो फोडल्याशिवाय निघत नाही.

चोवीस तास कमोडजवळ पाणी नको. संडास एकच असेल तर शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा. आमच्याकडे काकूंनी स्वतःहून किल्ली दिली होती, “थेंब थांबला ना, मग या खुशाल.”

नंतर काही वास आलाच तर

कमोड वापरात असूनही आठवड्याभराने गटाराचा वास येत असेल तर लगेच कमोडला दोष देऊ नका. बादलीभर पाणी नहाणीच्या जाळीत ओता. नव्या फरशीबरोबर जाळी वर आली की ट्रॅपची आतली वाटी कधी कधी नीट बसत नाही, किंवा काम चालू असताना ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं. ओतल्यावर वास गेला तर प्रश्न तिथला. नाही गेला, आणि कमोडच्या त्या मोकळ्या इंचाजवळ नाक नेल्यावर वाढला, तर आतलं रबर कुठेतरी सुटलंय. पाणी गळत नसलं तरी वायूला केसाएवढी वाट पुरते. कड कापा, स्क्रू काढा आणि कमोड उचला. वरून आणखी सिलिकॉन फासून तो वास जाणार नाही.